प्रार्थना घरची, सभा सर्वांची

नागपूरच्या इतवारीचे नाव रविवारच्या बाजारावरून पडले. सराफा, धान्य, किराणा, कापड, भांडी, लोखंड अशा एकेका मालाच्या ओळींनी गजबजलेली ही पेठ पिढ्यान्‌पिढ्या विदर्भाच्या घाऊक व्यापाराचे ठाणे म्हणून ओळखली जाते. येथे जैन आहेत, मारवाडी आहेत, दाऊदी बोहरा आहेत, कोष्टी आहेत, बौद्ध हमाल आणि मुसलमान गाडीवान आहेत. हंसापुरी आणि मोमिनपुरा हाकेच्या अंतरावर आहेत. पोळ्याच्या पाडव्याला काळी आणि पिवळी मारबत याच परिसरातून वाजतगाजत निघते. थोडक्यात, धर्म आणि लोकाचार यांची इतवारीत कधी वाण पडलेली नाही.

असे असूनही या बाजाराची एक रीत विचार करण्यासारखी आहे. कोणाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ असतो, कोणाच्या गल्ल्यावर ७८६ चा आकडा असतो, कोणाच्या गादीमागे तीर्थंकरांची तसबीर असते. दिवाळीला वहीपूजन होते. परंतु धान्याचा सौदा ठरताना अडत्या गिऱ्हाइकाला आधी हात जोडावयास सांगत नाही, किंवा माल तोलण्यापूर्वी तराजूभोवती कोणाची आरती होत नाही. त्या तराजूवर मोहोर असते ती वैधमापन खात्याची, आणि ती सर्वांना सारखीच बांधील असते. ज्याची पूजा त्याच्या गादीवर. तराजू मात्र सर्वांचा! हा नियम कोणी कायदा करून घालून दिलेला नाही. भिन्न श्रद्धांच्या माणसांना रोज एकमेकांशी व्यवहार करावा लागतो, उधारी द्यावी-घ्यावी लागते, त्यातून तो आपोआप सिद्ध झालेला आहे.

आश्चर्य असे की, बाजाराला जे सहज उमगले ते शासनव्यवहाराला अद्याप पुरते उमगलेले नाही. सरकारी कार्यालयात श्रावणात सत्यनारायण होतो, नव्या इमारतीचे भूमिपूजन मंत्रोच्चारात होते, शासकीय समारंभाचा आरंभ एखाद्या देवतेच्या प्रतिमेच्या पूजनाने होतो. यात कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नसतो, हे मान्यच केले पाहिजे. बहुतेकांना त्यात धर्म दिसतच नाही. ‘आपली पद्धत’ दिसते. परंतु ‘आपली’ या शब्दात कोण येतो आणि कोण येत नाही, हा प्रश्न त्या क्षणी मागच्या रांगेत अवघडून उभ्या असलेल्या एखाद्या लिपिकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. शासकीय सभेतील प्रार्थनेचा सारा वाद वस्तुतः त्या मागच्या रांगेचा वाद आहे.

संविधान सभेतील मतदान

हा प्रश्न नवा नाही. भारताच्या संविधान सभेत तो मुळापासून चर्चिला गेला, आणि तो उपस्थित करणारे सभासद नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत-वऱ्हाडचेच प्रतिनिधी होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी श्री. हरि विष्णु कामत यांनी संविधानाच्या उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने’ या शब्दांनी व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. कामत हे आय. सी. एस.चा राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, निर्भय आणि श्रद्धाळू गृहस्थ होते. त्यांच्या हेतूविषयी कोणालाच शंका नव्हती.

दुरुस्तीला विरोध मात्र नास्तिकांनी नव्हे, तर प्रामुख्याने आस्तिकांनीच केला. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिळ्ळै यांचे म्हणणे असे होते की, स्वतःची ईश्वरावर श्रद्धा असली तरी असे शब्द घालणे म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करणे होईल. ईश्वर मानण्याचा अधिकार जसा नागरिकाला आहे, तसाच न मानण्याचाही आहे. पं. हृदयनाथ कुंझरू यांनी, अंतःकरणातील अत्यंत पवित्र भावनांचा विषय वादाच्या आखाड्यात ओढला गेला याबद्दल खेद व्यक्त केला. रोहिणीकुमार चौधरी यांनी, शाक्तांचे काय, त्यांच्यासाठी ‘देवीच्या नावाने’ म्हणणार काय, असा प्रश्न टाकला. त्यात विनोद होता, तसेच मर्मही होते. आपल्या देवाचे नाव घेतले की शेजाऱ्याच्या देवाचे नाव गळते, आणि ते केवळ परधर्मीयाचेच गळते असे नाही! श्रीमती पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामतांना विनवणी केली की, ईश्वरावर मत देण्याच्या संकटात सभेला घालू नये.

कामत मागे हटले नाहीत. मतविभागणी झाली. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली. देवघरात जन्मलेल्या आणि वाढलेल्या पिढीने, अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यासारखा धर्मनिष्ठ पुरुष असताना, ईश्वराचे नाव उद्देशिकेत न घालण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय धर्माच्या अनादरातून झाला नाही, हे त्या दिवसाचे कामकाज वाचणाऱ्या कोणालाही पटेल.

याच संविधान सभेने पदग्रहणाच्या शपथेत मात्र ईश्वराला जागा दिली. ती कशी, हेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रपतीपासून आमदारापर्यंत प्रत्येकाला ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ यांपैकी एक निवडता येते. म्हणजे जेथे एकटा माणूस स्वतःच्या वतीने बोलतो तेथे त्याने हवे तर ईश्वराचे नाव घ्यावे. जेथे ‘आम्ही भारताचे लोक’ असे सर्वांच्या वतीने बोलले जाते तेथे कोणा एकाची श्रद्धा सर्वांच्या तोंडी घालू नये. शासकीय सभेसंबंधीचा सारा विवेक या एका भेदात सामावलेला आहे.

नागपूरच्या दोन आठवणी

नागपूरपुरते बोलावयाचे तर या शहराजवळ या प्रश्नाच्या दोन परस्परपूरक आठवणी आहेत. पहिली १९३८ ची. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थी बधले नाहीत. त्यांना काढून टाकण्यात आले. शिक्षण मध्येच तुटलेल्या या तरुणांना नागपूर विद्यापीठाने, टी. जे. केदार कुलगुरू असताना, आपली दारे उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच पिढीतील, आणि तेही नागपूर विद्यापीठात शिकले. सत्तेने कोणाच्या ओठांवरील प्रार्थना हिरावून घेऊ नये, ही बाजू त्या वेळी नागपूरने घेतली.

दुसरी आठवण १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि त्यांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही; राम-कृष्णांची करणार नाही; गौरी-गणपतीची करणार नाही, हा त्यांतील आरंभीच्या प्रतिज्ञांचा आशय सर्वश्रुत आहे. ज्या घराण्यांनी दीक्षाभूमीवर हे व्रत घेतले त्यांची मुले-नातवंडे आज नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापासून महापालिकेच्या झोन कार्यालयापर्यंत सर्वत्र नोकरीस आहेत. त्यांच्या दृष्टीने कार्यालयातील सत्यनारायण हा ‘निरुपद्रवी प्रघात’ राहत नाही. आजोबांनी याच गावात जाहीरपणे दिलेला शब्द मोडण्याचे ते आमंत्रण ठरते. जवळ बसावे तर प्रतिज्ञा मोडते. उठून जावे तर साहेबांची नजर फिरते.

या दोन आठवणी एकत्र ठेवल्या म्हणजे सहिष्णुतेचा अर्थ स्पष्ट होतो. प्रार्थना करू इच्छिणाऱ्याला रोखणे आणि न करू इच्छिणाऱ्याला ओढणे, ही एकाच अन्यायाची दोन रूपे होत. १९३८ च्या विद्यार्थ्याची बाजू ज्याला न्याय्य वाटते त्याला १९५६ च्या प्रतिज्ञाधारकाची बाजू नाकारता येणार नाही.

मध्यप्रांताच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात पं. रविशंकर शुक्ल यांनी ग्रामीण शिक्षणासाठी ‘विद्या मंदिर’ योजना आणली. योजनेचा हेतू शैक्षणिक होता. ‘मंदिर’ म्हणजे घर, असा खुलासाही करण्यात आला. तरीही १९३८-३९ मध्ये त्या एका शब्दावरून मुस्लिम समाजात तीव्र असंतोष उसळला आणि मुस्लिम लीगने त्याचा राजकारणासाठी पुरेपूर उपयोग केला. लीगचे राजकारण समर्थनीय नव्हते. पण तिला कोलीत मिळाले ते बहुसंख्यांच्या ‘यात काय बिघडले?’ या निष्काळजीपणातून. शासनाच्या तोंडचा शब्द घरातल्या शब्दासारखा राहत नाही. घरात जो शब्द प्रेमळ वाटतो, तोच सरकारी शिक्क्यासह आला की दुसऱ्याला हुकूम वाटू शकतो.

स्वेच्छेची किंमत

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, ‘सक्ती कोठे आहे? ज्याला यायचे नाही त्याने येऊ नये.’ उत्तर वरवर निर्दोष वाटते. अर्थशास्त्रात मात्र एखादी निवड खरोखर मुक्त आहे की नाही हे ठरविताना, ती न करण्याची किंमत कोणाला आणि किती पडते, हे पाहावे लागते. मित्रमंडळीत पूजेला न जाण्याची किंमत शून्य असते. कार्यालयात ती शून्य नसते. जो अधिकारी पूजेस यजमान म्हणून बसतो तोच गोपनीय अहवाल लिहितो, रजा मंजूर करतो, बदलीची शिफारस करतो. वर्गणीची यादी टेबलावरून टेबलावर फिरते तेव्हा आकड्यांबरोबर रिकाम्या जागाही वाचल्या जातात. शिवाय लाभ सर्वांत विभागलेला असतो आणि किंमत मात्र एकट्याला मोजावी लागते. पन्नास जणांना अर्धा तास प्रसन्नता लाभते. एकावनाव्याला वर्षभर ‘तुसडा’ हे बिरुद मिळते. अशा व्यवस्थेत तो एकावनावा बहुधा हात जोडून मोकळा होतो, आणि त्या जोडलेल्या हातांचीच गणना पुढे ‘सर्वांच्या संमती’त केली जाते.

ही किंमत काल्पनिक नाही. नाशिक येथील एका शिक्षकाने शाळेतील प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. तो शिस्तभंग मानून त्याची वाढीव वेतनश्रेणी अडवण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. अभय ओक व न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने २०१३ मध्ये निर्णय दिला की, प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही. तसे करणे त्याच्या मूलभूत अधिकारांचा भंग ठरेल. वेतनश्रेणीसारख्या रोकड गोष्टीसाठी एका शिक्षकाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, यावरून ‘स्वेच्छे’चे मोल किती चढे असू शकते हे ध्यानी यावे.

पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या न्या. ओक यांनी मार्च २०२४ मध्ये, पिंपरी-चिंचवड येथील न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या पायाभरणी समारंभात, न्यायसंस्थेच्या कार्यक्रमांतील पूजाअर्चा आता थांबवावी आणि त्याऐवजी संविधानाच्या उद्देशिकेपुढे मस्तक नमवावे, असे सुचविले. कर्नाटकात मुख्य न्यायाधीश असताना आपण तसा प्रयत्न केला, पण तो प्रघात पूर्णपणे बंद करता आला नाही, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी दिली. प्रघाताचे बळ किती असते हे यावरून दिसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाला आव्हान देणारी याचिका त्याच न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, एवढेच नव्हे तर अर्जदारास वीस हजार रुपयांचा दंड केला. बांधकाम निर्विघ्न व्हावे आणि सर्वांचे भले व्हावे ही त्या पूजेमागची भावना असून तिच्यामुळे धर्मनिरपेक्षतेस बाधा येत नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. तेव्हा कायद्याने हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे, असे कोणत्याही पक्षाने म्हणू नये. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत व हिंदी प्रार्थनेसंबंधीची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी पुढे पाठविली. जेथे कायदा अजून चाचपडतो आहे तेथे समाजाच्या विवेकावरील जबाबदारी वाढते.

परदेशातील अनुभव

जगातील अन्य लोकशाही देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभेची प्रत्येक बैठक ख्रिस्ती प्रार्थनेने सुरू होते. प्रार्थनेस हजर राहणाऱ्या सभासदाला आपल्या आसनावर चिठ्ठी लावून ते दिवसभरासाठी राखून ठेवता येते. त्यामुळे गर्दीच्या दिवशी भक्ती आणि जागेची चिंता यांचा मोठा मनोहर संगम होतो! बिडफर्ड या गावाच्या नगर परिषदेतील प्रार्थनेसंबंधी तेथील उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, सभेच्या औपचारिक कामकाजाचा भाग म्हणून प्रार्थना घेण्याचा अधिकार परिषदेला कायद्याने दिलेला नाही, असा निर्णय दिला. संसदेने २०१५ मध्ये नवा कायदा करून तो अधिकार दिला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस या गावाच्या सभेतील प्रार्थना २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वैध ठरविली. याउलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, साग्ने शहराच्या परिषदेतील प्रार्थना एकमताने अवैध ठरविली आणि तक्रारदार नागरिकास तीस हजार डॉलरची भरपाई देवविली. त्या निर्णयातील एक मुद्दा विशेष मननीय आहे. शासनाने प्रार्थना न करणे म्हणजे नास्तिकतेचा पुरस्कार करणे नव्हे. ‘ईश्वर नाही’ असे म्हणणे हा एक पक्ष झाला. त्याविषयी मौन पाळणे ही तटस्थता झाली. आपल्याकडे या दोहोंची गल्लत वारंवार होते.

मराठी वाचकाने अमेरिकेतील आणखी एक घटना आठवावी. १२ जुलै २००७ रोजी तेथील सिनेटमध्ये प्रथमच एका हिंदू पुरोहिताने प्रार्थना म्हटली. राजन झेद हे त्यांचे नाव. प्रार्थना सुरू होताच प्रेक्षक-सज्जातून काही कडव्या ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरड केली आणि त्यांना अटक करावी लागली. ती बातमी वाचून भारतात अनेकांना दुःख झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या दुःखाचा अर्थ काय? अल्पसंख्य म्हणून जगताना बहुसंख्यांच्या प्रार्थनागृहात परिवर्तित झालेली शासनसभा कशी दिसते, याची ती ओझरती जाणीव होती. सिनेटच्या सज्जात हिंदूचा झालेला अवमान ज्याला बोचतो, त्याला इथल्या कचेरीत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बौद्धाची, मुसलमानाची, ख्रिश्चनाची किंवा निरीश्वरवाद्याची अडचण समजण्यास अडचण पडू नये.

सर्वधर्मप्रार्थनेचा मार्ग

मग सर्व धर्मांच्या प्रार्थना एकापाठोपाठ म्हणाव्यात, हा मध्यममार्ग नाही काय? २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनप्रसंगी होमहवनाबरोबर सर्वधर्मप्रार्थनाही झाली होती. विदर्भाला तर या मार्गाची थोर परंपरा आहे. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला गांधीजींच्या प्रार्थनेत उपनिषदांबरोबर कुराणातील आयती, पारशी व बौद्ध वचने म्हटली जात. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना खेडोपाडी नेली आणि जातिपातीत विभागलेल्या गावांना एका सतरंजीवर बसविले. या कार्याचे मोल कमी लेखणारा विदर्भाला ओळखत नाही, असेच म्हणावे लागेल.

परंतु या परंपरेचे मर्म नीट पाहिले पाहिजे. सेवाग्रामची प्रार्थना आश्रमाची होती. मोझरीची सेवा मंडळाची. तेथे येणारा आपल्या पायांनी येत होता. त्याच्या पगाराचा, दाखल्याचा, सातबाराच्या उताऱ्याचा त्या सतरंजीशी संबंध नव्हता. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या वाल्मीकी मंदिरातील प्रार्थनासभेत कुराणातील आयतींना एका माणसाने हरकत घेतली तेव्हा गांधीजींनी काय केले? त्यांनी त्याला हुसकावून लावू दिले नाही आणि त्याचा विरोध डावलून प्रार्थनाही रेटली नाही. त्यांनी त्या दिवसाची प्रार्थनाच सोडून दिली. आपले तत्त्व त्यांनी सोडले नाही, पण हरकत घेणाऱ्या एकट्याच्या डोक्यावरून प्रार्थना पुढे नेली नाही. खाजगी सभेतही ज्यांनी एवढी काळजी घेतली, त्यांच्या नावाने शासकीय सभेत सक्ती कशी करता येईल?

शिवाय सर्वधर्मप्रार्थनेतील ‘सर्व’ हा शब्द फसवा आहे. यादी कोठे थांबवायची? लिंगायतांना, आदिवासींच्या पेनांना, कबीरपंथीयांना त्यात स्थान आहे काय? ज्याचा कोणताच धर्म नाही त्याचे काय? ‘धर्म’ या रकान्यात काहीही न लिहिण्याचा अधिकार नागरिकाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले आहे. यादी करणे हेच मुळी शासनाचे काम नव्हे. झारखंड विधानसभेत सप्टेंबर २०२१ मध्ये नमाजासाठी एक खोली देण्यात आली, तेव्हा लगेच मारुती मंदिराची मागणी पुढे आली. एका प्रार्थनेला जागा दिली की दुसरीची मागणी न्याय्यच ठरते, आणि मग सभागृहाचा वेळ लोकांच्या प्रश्नांऐवजी देवांच्या जागावाटपात जाऊ लागतो.

काही आक्षेप

येथे एक आक्षेप रास्त आहे. भारताची धर्मनिरपेक्षता फ्रान्ससारखी धर्माला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करणारी नाही. संविधानाचे २७ वे कलम एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर घेण्यास मनाई करते, तरी २९०-क हे कलम केरळच्या संचित निधीतून दरवर्षी साडेसेहेचाळीस लाख रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला देण्याची तरतूद करते. हज अनुदान २०१८ पर्यंत चालू होते. शासन वारीची व्यवस्था पाहते, दीक्षाभूमीवरील गर्दीची पाहते, ताजुद्दीन बाबांच्या उरुसाचीही पाहते. हे सारे योग्यच आहे. नागरिकांच्या धर्माचरणाला रस्ता, पाणी आणि संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य होय. पण यात्रेकरूची सोय करणारे शासन वेगळे आणि स्वतःच यात्रेकरू होणारे शासन वेगळे. पहिले सर्वांचे राहू शकते. दुसरे राहू शकत नाही.

दुसरा आक्षेप राष्ट्रभक्तीचा. प्रार्थनेला नकार देणारा उद्या राष्ट्रगीतालाही देईल, अशी भीती घातली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. केरळातील यहोवा पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. म्हणून शाळेने त्यांना काढले होते. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला आणि सहिष्णुता ही आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान व आपले संविधान या तिन्हींची शिकवण असल्याचे बजावले. तीस वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेने वारिस पठाण या सभासदास एक घोषणा देण्यास नकार दिला म्हणून अधिवेशनाच्या उर्वरित काळासाठी निलंबित केले. सत्ताधारी आणि विरोधक त्या बाबतीत एक झाले. पठाण यांच्या पक्षाचे राजकारण कोणाला कितीही नापसंत असो, परंतु ओठांवरचे शब्द तपासून निष्ठा मोजण्याचा तो तराजू न्यायमूर्ती रेड्डींनी दाखविलेला खचितच नव्हता.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. एक, सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि इतिवृत्तात कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेचा वा पूजेचा समावेश नसावा. दोन, कर्मचाऱ्यांना एकत्र येऊन प्रार्थना करावीशी वाटल्यास ती कामाच्या वेळेबाहेर, स्वखर्चाने आणि कार्यालयप्रमुखाच्या यजमानपदावाचून करावी. तीन, कार्यालयात धार्मिक कार्यासाठी वर्गणीची यादी फिरवू नये. चार, शासकीय बांधकामाचा आरंभ ‘भूमिपूजन’ न म्हणता पायाभरणी म्हणून व्हावा. ते काम करणाऱ्या गवंड्याने आपल्या श्रद्धेने नारळ फोडला तर त्यास कोणी अडवू नये. पाच, सभेला गांभीर्य हवे असेल तर उद्देशिकेचे वाचन करावे, अथवा दोन मिनिटे मौन पाळावे.

मौनाला आपल्याकडे उत्तम पूर्वाधार आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीपूर्वी भरलेल्या संविधान सभेच्या बैठकीत, स्वातंत्र्यासाठी ज्यांनी प्राण वेचले त्यांच्या स्मृतीसाठी सर्व सभासद दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले होते. त्या दोन मिनिटांत कोणी रामनाम घेतले असेल, कोणी कलमा म्हटला असेल, कोणी आपल्या तुरुंगातील सोबत्याचा चेहरा आठवला असेल. कोणाला वगळावे लागले नाही, कारण कोणाची यादी करावी लागली नाही.

या साऱ्याला क्षुल्लक बाब म्हणून हिणवणारेही आहेत. पूजेचा अर्धा तास आणि प्रसादाचा द्रोण, एवढ्यावरून एवढे काहूर कशाला? त्यांनी नागपूरचाच इतिहास आठवावा. १९२३ आणि १९२७ साली या शहरात मिरवणुका आणि वाद्ये यांवरून तेढ माजली, दंगे झाले. १७ मार्च २०२५ रोजी महाल आणि हंसापुरीत जाळपोळ झाली, इतवारीच्या परिसरावर संचारबंदी आली, आणि ज्यांचे पोट रोजच्या हमालीवर चालते त्या सर्व धर्मांच्या माणसांना घरी बसावे लागले. दंगल कचेरीतल्या पूजेने होत नाही, हे खरे. पण दंगलीच्या दिवशी पोलीस, तहसीलदार, पंचनामा करणारा तलाठी आणि भरपाईची यादी करणारा लिपिक हे कोणाचे आहेत, असा प्रश्न पीडिताच्या मनात उभा राहतो. ‘ते सर्वांचे आहेत’ हे उत्तर त्याला त्या दिवशी भाषणाने पटत नाही. शांततेच्या काळात त्याने त्या कचेरीत काय पाहिलेले असते त्यावरूनच ते पटते, किंवा पटत नाही.